‘साउथपॉ’मधला शेवटचा ठोसा: पवित्रा बदलल्याने खरंच लढत फिरते का? (रहस्यभेद आहे)

तिसरी_घंटा

आमच्या फिल्म सोसायटीत पुढच्या महिन्यात अँटवान फुक्वाचा ‘साउथपॉ’ (2015) दाखवायचा आहे आणि नंतरची चर्चा मी घेणार आहे. सिनेमाच्या अंगाने बोलता येईल, पण मुष्टियुद्धाच्या अंगाने काही गाठी सुटत नाहीत. जाणकारांनी मदत करावी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बिली होप (जेक जिलेनहाल) हा लाइट हेवीवेट गटाचा अपराजित विजेता. मार खात खात चिडायचं आणि मग समोरच्याला झोपवायचं, ही त्याची पद्धत. एका समारंभात मिगेल एस्कोबार नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी बाचाबाची होते, झटापटीत गोळी सुटते आणि बिलीची बायको मॉरीन (रेचल मॅकअ‍ॅडम्स) जाते. मग दारू, रेफरीला मारलेली डोक्याची धडक, निलंबन, घर जाणं, मुलगी लैलाचा ताबा जाणं. शेवटी टिक विल्स (फॉरेस्ट व्हिटेकर) या जुन्या प्रशिक्षकाच्या जिममध्ये रात्री साफसफाईचं काम आणि तिथून परतीची वाट: आता विजेता झालेल्या एस्कोबारशी लढत, तयारीला सहा आठवडे.

माझे प्रश्न असे. सिनेमाभर बिली उजव्या पद्धतीने लढतो, मग नाव ‘साउथपॉ’ का? बाराव्या फेरीत तो पवित्रा बदलून अपरकट (खालून वर हनुवटीवर येणारा ठोसा) मारतो आणि एस्कोबार पडतो. हे लेखकाच्या सोयीचं आहे की प्रत्यक्षात होऊ शकतं? एस्कोबार उठून उभा राहिला, तरीही बिली कसा जिंकला? आणि सहा आठवड्यांत माणूस लढायची पद्धत बदलू शकतो का?

डावा_पाय

तिसरी_घंटा, आधी शब्दाचा गुंता सोडवू. मुष्टियुद्धात साउथपॉ हे हाताचं वर्णन नाही, पवित्र्याचं आहे. कुस्तीतल्या पवित्र्यासारखंच: कोणता पाय पुढे, यावरून ठरतं. डावा पाय आणि डावा हात पुढे, उजवा मागे, तो ऑर्थोडॉक्स. याच्या आरशातली प्रतिमा म्हणजे साउथपॉ. बहुतेक डावखुरे साउथपॉ उभे राहतात, पण हा नियम नाही. ऑस्कर डी ला होया जन्माने डावखुरा, तरी आयुष्यभर ऑर्थोडॉक्स लढला. त्याचा पुढचा डावा हात म्हणूनच इतका जड होता. टेरेन्स क्रॉफर्ड उजव्या हाताचा, पण मोठमोठ्या लढती साउथपॉ पवित्र्यात लढला.

आता मुख्य प्रश्न. पुढचा हात जवळ असतो, लवकर पोचतो, पण त्याच्या मागे कंबर फिरायला जागा कमी असते. मागचा हात लांब असतो, पण मागच्या टाचेपासून वळण सुरू होतं, कंबर फिरते, खांदा येतो आणि सगळं वजन मुठीत उतरतं. बिलीचा डावा हात अकरा फेऱ्या पुढे आहे. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आणि पुढचा हुक (बाजूने वळून येणारा), एवढंच त्याच्याकडून अपेक्षित. पवित्रा बदलताच तोच डावा हात मागचा होतो. समोरच्याच्या नजरेला हात तोच, जागा साधारण तीच, पण ताकद दुप्पट वाटावी इतकी वेगळी. शिवाय हुक अडवायच्या सवयीने समोरच्याची कोपरं बाहेर गेलेली असतात, त्यामुळे दोन ग्लोव्ह्जच्या मधली उभी फट उघडी राहते. अपरकटचा रस्ता तोच.

कसं करतात ते सांगतो. प्रतिस्पर्धी ऑर्थोडॉक्स धरतोय. उजव्या हाताचा सरळ ठोसा सोडायचा, लागला नाही तरी चालेल, त्याचं काम झाकण्याचं. त्याच ठोशाच्या ओघात उजवा पाय पुढे टाकायचा आणि तो समोरच्याच्या डाव्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला पडला पाहिजे. आता तुमचं डोकं त्याच्या उजव्या हातापासून लांब गेलेलं असतं. गुडघे किंचित खाली, वजन डाव्या पायावर. मग डावी टाच फिरवत, कोपर साधारण काटकोनात ठेवून, तळवा आपल्याकडे असलेली मूठ वर. हात लांबवर फेकायचा नाही, पायांनी वर ढकलायचा.

बिघडतं कुठे, हे प्रेक्षकांना सांगण्यासारखं आहे, कारण त्यावरूनच या ठोशाची जोखीम कळते. पाय आधी टाकला आणि ठोसा नंतर आला तर मधल्या क्षणी दोन्ही पावलं एका रेषेत असतात. त्या क्षणी साधा जॅब लागला तरी माणूस मागे बसतो, कारण मागे टेकायला पायच नसतो. पाऊल समोरच्याच्या पायाच्या आतल्या बाजूला पडलं तर डोकं थेट त्याच्या उजव्या ठोशाच्या वाटेवर. आणि नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक: अपरकटसाठी डावा हात आधी मांडीपर्यंत खाली नेणं. गालाची डावी बाजू उघडी, ठोशाची वर्दीही दिलेली. बाराव्या फेरीत मांड्या थकलेल्या असतात, त्यामुळे वजन उचलून पाय नेमका टाकणं पहिल्या फेरीपेक्षा कितीतरी कठीण.

तेव्हा उत्तर: होऊ शकतं. एकदा. आणि शेवटी ठेवलं तरच. हाच डाव दर फेरीत केला असता तर समोरच्याने तिसऱ्या वेळी उजव्या हाताने त्याला पकडलं असतं.

याची उलटी बाजू खऱ्या इतिहासात आहे. 6 एप्रिल 1987, सीझर्स पॅलेस, लास व्हेगस. मार्विन हॅगलर हा खरा साउथपॉ, पण शुगर रे लेनर्डविरुद्ध त्याने सुरुवातच ऑर्थोडॉक्स पवित्र्यात केली. पहिल्या काही फेऱ्या हातच्या गेल्या, नंतर तो आपल्या पवित्र्यावर आला, जोर केला, आणि तरीही विभागून दिलेल्या निर्णयात (दोन परीक्षक एकीकडे, तिसरा दुसरीकडे) हरला. पवित्रा बदलणं हे हत्यार आहे, पण वेळ चुकली तर ते आपल्यालाच लागतं. ‘साउथपॉ’मधली अंतिम लढतही सीझर्स पॅलेसमध्येच आहे आणि तिचा निर्णयही विभागूनच येतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून चर्चेत मांडा, लोकांना रस वाटेल.

गुणपत्रक

डावा_पाय यांनी तंत्र नीट सांगितलं. निर्णयाचा भाग मी घेतो, कारण तिथे बरेच जण अडतात आणि ‘पाडलं म्हणजे जिंकला’ असं समजून बसतात.

व्यावसायिक विजेतेपदाची लढत 12 फेऱ्यांची, फेरी 3 मिनिटांची, मध्ये 1 मिनिट विश्रांती. रिंगच्या बाहेर तीन परीक्षक बसतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला साधारणपणे 9. एकजण खाली पडला आणि आठपर्यंतची सक्तीची मोजणी झाली, तर ती फेरी बहुधा 10-8 जाते. सगळा खेळ या एका जादा गुणाचा आहे.

सिनेमात परीक्षकांचे आकडे काय होते ते बाजूला ठेवा. एक उदाहरण घेऊ. अकरा फेऱ्यांनंतर एका परीक्षकाच्या कागदावर बिलीच्या 5 आणि एस्कोबारच्या 6 फेऱ्या आहेत. बिली: 50 अधिक 54, म्हणजे 104. एस्कोबार: 60 अधिक 45, म्हणजे 105. बारावी फेरी बिलीने नुसती जिंकली, कुणी पडलं नाही, तर 114-114. बरोबरी. आणि बरोबरीत किताब आधीच्या विजेत्याकडेच, म्हणजे एस्कोबारकडे राहतो. पण पाडलं तर 10-8, म्हणजे 114-113. बिली जिंकला. दोन परीक्षकांकडे हे चित्र आणि तिसऱ्याकडे अकरा फेऱ्यांनंतर 4-7 असेल, तर त्याच्या कागदावर 103-106 वरून 113-114 होतं, तो एस्कोबारला देतो. दोन विरुद्ध एक. विभागून निर्णय, अगदी सिनेमात येतो तसा. म्हणजे एस्कोबार घंटेआधी उठून उभा राहिला यामुळे काही बदलत नाही; पडला त्या क्षणीच तो जादा गुण लिहिला गेला. लेखकाने त्याला उठवलं हे मला फार आवडतं. समोरच्याला मेल्यासारखा पाडून सूड पुरा करायचा मोह त्याने टाळला आहे.

बारा फेऱ्याच का, हेही त्याच सीझर्स पॅलेसशी जोडलेलं आहे. नोव्हेंबर 1982 मध्ये तिथे रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत वारला. तोपर्यंत किताबाच्या लढती 15 फेऱ्यांच्या असत. त्या मृत्यूनंतर डब्ल्यूबीसीने (जागतिक मुष्टियुद्ध परिषद, किताब देणारी एक संघटना) त्या 12 वर आणल्या, बाकीच्या संघटना पुढच्या काही वर्षांत मागोमाग आल्या.

निलंबनाचं: रेफरीवर हल्ला केल्यावर वर्षभर बंदी, हे पटण्यासारखं आहे. 1997 मध्ये होलिफील्डचा कान चावल्यावर टायसनचा नेवाडातला परवाना रद्द झाला, 30 लाख डॉलर दंड झाला आणि परवाना परत मिळायला ऑक्टोबर 1998 उजाडलं. अमेरिकेत 1996 च्या सुरक्षा कायद्यामुळे एका राज्याने केलेलं निलंबन दुसऱ्या राज्यानेही मानायचं असतं, त्यामुळे ‘इथे नाही तर तिथे लढतो’ ही पळवाट राहत नाही. सिनेमात ढिलाई आहे ती पुढे: प्रवर्तक (लढती भरवणारा) मनात आणतो आणि बंदीची मुदत आटोपते. प्रत्यक्षात राज्याच्या मुष्टियुद्ध आयोगासमोर सुनावणी, वैद्यकीय तपासण्या, मेंदूचं आणि डोळ्यांचं परीक्षण, एवढं सगळं आलं असतं. बिलीची डोळ्याची जखम पाहता डोळ्याच्या डॉक्टरनेच त्याला अडवलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहा आठवडे: किताबाच्या लढतीची तयारी साधारण 8 ते 12 आठवडे चालते. सहा आठवड्यांत दम येतो, वजन 175 पौंडांवर, म्हणजे 79.4 किलोच्या आत बसवता येतं. सवय मात्र बदलत नाही. शेवटचा आठवडा-दहा दिवस तर सराव कमीच करायचा असतो, नाहीतर माणूस रिंगमध्ये थकलेलाच उतरतो. म्हणजे हाती उरले साडेचार आठवडे. त्यात सराव-लढती आठवड्यातून दोन-तीन, 16 औंसांचे ग्लोव्ह्ज घालून. वीस वर्षं तोंड पुढे करून लढलेल्या माणसाला एवढ्यात हात गालावर ठेवायची सवय सरावात लागते. मार बसायला लागला की हात परत खाली येतात.

तिसरी_घंटा

फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. 114-114 ते 114-113 हा हिशोब मी फळ्यावर मांडूनच दाखवणार.

नावाबद्दल अजून कळलं नाही. फक्त शेवटच्या एका ठोशासाठी सिनेमाचं नाव ठेवलं? आणि चित्रीकरणाबद्दलही कुणी सांगाल का? लढती टीव्हीवर पाहिल्यासारख्या वाटतात, पण मध्येच कॅमेरा बिलीच्या डोळ्यांतून बघायला लागतो.

पडद्यामागे

नावाचं मूळ पटकथेच्या आधीचं आहे. पटकथाकार कर्ट सटरने ही कथा रॅपर एमिनेमला डोळ्यासमोर ठेवून लिहिली होती आणि सुरुवातीला भूमिकाही तोच करणार होता. एमिनेम डावखुरा, आणि बोली इंग्रजीत डावखुऱ्या माणसालाही साउथपॉ म्हणतात. मुष्टियुद्धात डावखुरा जसा वेगळा पडतो, तसा हिप-हॉपमध्ये गोरा रॅपर, असं सटरने त्या वेळी सांगितलं होतं. पुढे एमिनेम अभिनयातून बाहेर पडला, गाण्यांपुरता राहिला, आणि जिलेनहाल आला. नाव तेच ठेवलं, पण ज्याच्यावरून ठेवलं तो माणूस पडद्यावर नाही. त्यामुळे शेवटच्या ठोशावर नावाचं सगळं ओझं आलं. ते तुम्हाला खटकलं, यात नवल नाही.

चित्रीकरण. फुक्वाने एचबीओ या अमेरिकी वाहिनीसाठी खऱ्या लढती टिपणारी कॅमेऱ्याची माणसं घेतली आणि समालोचनाला जिम लॅम्प्ली आणि रॉय जोन्स ज्युनियर हे एचबीओचेच आवाज. म्हणून डोळ्यांना ते प्रक्षेपण वाटतं: दोरांच्या बाहेरून, थोडा वरचा कोन, लांब भिंग, दोघेही पायांपर्यंत दिसतात. पाय दिसणं फार महत्त्वाचं. ज्या सिनेमात नटाला लढता येत नाही तिथे चौकट छातीवर कापलेली असते, कारण खोटेपणा सगळ्यात आधी पायांत दिसतो. जिलेनहालने प्रशिक्षक टेरी क्लेबनकडे महिनोन् महिने दिवसातून दोनदा सराव केला होता. त्याच्या आधीच्याच ‘नाइटक्रॉलर’साठी त्याने अंगावरचं मांस उतरवलं होतं, ते आठवून पाहिलंत तर फरक लक्षात येईल. त्यामुळे छायाचित्रकार मॉरो फियोरेला पूर्ण शरीर चौकटीत घेता आलं.

बिलीच्या नजरेतून येणारे तुकडे हा दुसरा प्रकार. ठोसा थेट भिंगाकडे येतो. मला ते थोडे जास्त झाले असं वाटतं. प्रक्षेपणाची भाषा एकदा पत्करली की प्रेक्षक बाहेर बसलेला असतो. त्याला उचलून आत टाकायचं तर एकदाच, मोक्याच्या जागी टाकावं.

पडद्यावरचा ठोसा बनतो कसा, तेही सांगतो. चर्चेत हमखास विचारतात. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या खांद्यामागे. मूठ हनुवटीच्या पुढून वीतभर अंतराने जाते. खोलीचं ते अंतर भिंगाला कळत नाही, कारण मूठ आणि चेहरा एकाच रेषेत येतात. कॅमेरा दोघांच्या बाजूला नेऊन ठेवला तर फट लगेच दिसते. हौशी लघुपटांमध्ये नव्वद टक्के मारामारी इथेच फसते. मग खाणाऱ्याची प्रतिक्रिया: डोकं ठोशाच्या दिशेने वळलं पाहिजे आणि मूठ पोचते त्याच क्षणी, आधी नाही. हुक आला तर मान आडवी, अपरकट आला तर हनुवटी वर. घामाचे थेंब उडवायला केसांवर पाणी आणि ग्लिसरीन. नुसतं पाणी दिव्यांखाली वाळतं. शरीरावरचे ठोसे मात्र बऱ्याचदा थोडे खरेच मारतात, कारण पोटाचा स्नायू आवळलेला आहे की नाही हे लपत नाही. आणि शेवटी आवाज. चामड्यावर बसलेला ठोसा प्रत्यक्षात कोरडा, आखूड वाजतो. सिनेमात त्याला तळाचा जडपणा जोडतात.

एक जुना संदर्भ जोडून द्या. 1947 सालच्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये जेम्स वाँग हाउ हा छायाचित्रकार पायात चाकांचे स्केट्स घालून हातात कॅमेरा घेऊन रिंगमध्ये फिरला होता. त्याआधी कॅमेरा बहुधा दोरांबाहेर असे. ‘साउथपॉ’ कॅमेरा पुन्हा बाहेर नेतो आणि मधूनच आत शिरतो, ही गंमत या जोडीतून स्पष्ट होते.

संगीत जेम्स हॉर्नरचं. 22 जून 2015 ला तो विमान अपघातात गेला आणि सिनेमा अमेरिकेत 24 जुलैला लागला. मॉरीन जाते त्या प्रसंगात संगीत किती मागे राहतं ते ऐका. तिथे वाद्यवृंद उसळवणं सोपं होतं.

सावली

सगळ्यांनी ठोशांवर लिहिलं म्हणून मी दुःखावर लिहिते. माझ्या मते या सिनेमाचा खरा विषय ‘बचाव’ हा आहे आणि चर्चा तिथे न्यावी.

पहिल्या लढतीत बिली हात खाली ठेवतो. मार खाल्ल्याशिवाय त्याला लढताच येत नाही. राग हेच त्याचं इंधन. मॉरीन त्याला तेच सांगत असते, की असाच मार खात राहिलास तर काही वर्षांत तुझं डोकं चालणार नाही. ही भीती घरगुती कुरकुर नाही. न्यू जर्सीतले हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी 1928 मध्येच मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूच्या या अवस्थेवर लिहिलं होतं: अडखळणारं बोलणं, लटपटणारी चाल, विस्मरण. बायकोला हे दिसतंय, नवऱ्याला नाही.

आणि मग ती ज्या भांडणात जाते, ते भांडणही त्याच सवयीतून पेटतं. एस्कोबार डिवचतो, ती ‘चल इथून’ म्हणते, तो वळतो आणि हात उचलतो. रिंगमध्ये जे चालून गेलं ते रिंगबाहेर चाललं नाही. म्हणून टिक विल्स त्याला सगळ्यात आधी बचाव शिकवतो, तेव्हा तो फक्त तंत्र शिकवत नसतो. ठोसा अंगावर येताना बिलीने चिडायचं नाही, बघायचं. हीच गोष्ट त्याला न्यायालयात, मुलीच्या भेटीत, लैला त्याच्यावर ओरडते तेव्हा करावी लागते. ती त्याला वाट्टेल ते बोलते आणि तो पहिल्यांदाच उलट काही फेकत नाही. मला हा प्रसंग अंतिम लढतीपेक्षा मोठा वाटतो.

‘गुणपत्रक’ म्हणतात ते खरं, सहा आठवड्यांत सवय जात नाही. पण सिनेमाही ती गेली असं म्हणत नाही. शेवटच्या लढतीत एस्कोबार मॉरीनचं नाव काढून डिवचतो आणि बिलीचा बचाव सुटतो, जुना बिली वर येतो. फेऱ्यांमधल्या विश्रांतीत, रिंगच्या कोपऱ्यात टिक त्याला परत आणतो. सवय गेलेली नसते, पण आता तिला ओळखणारं कुणीतरी कोपऱ्यात बसलेलं असतं.

कमजोरी कुठे? मॉरीनला सिनेमा फार लवकर संपवतो आणि मग तिची जागा फक्त नावापुरती ठेवतो. तिने घराचा, पैशाचा, बिलीच्या रागाचा सगळा व्यवहार सांभाळलेला. ती गेल्यावर बिलीला साधे निर्णय घेता येत नाहीत, हे दिसतं, पण पुरेसं थांबून दाखवत नाहीत. पडझड इतक्या वेगाने येते की दुःखाला बसायला जागा मिळत नाही. जिममधल्या हॉपी या मुलाचा मृत्यूही बिलीला पुढे ढकलण्यासाठी वापरल्यासारखा वाटतो. त्या पोराला स्वतःचं दुःख असायला हवं होतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी एक तुलना फार कामाची ठरेल: राकेश ओमप्रकाश मेहरांचा ‘तूफान’ (2021). डोंगरीचा अझीझ अली (फरहान अख्तर), मराठी प्रशिक्षक नाना प्रभू (परेश रावल), नानांची डॉक्टर मुलगी अनन्या (मृणाल ठाकूर). तिथेही मुष्टियोद्धा, तिथेही पत्नीचा मृत्यू, तिथेही मागे राहिलेली मुलगी. पण क्रम उलटा आहे. बिलीची पत्नी आधी जाते आणि तिच्या जाण्याने तो कोसळतो. अझीझ आधी कोसळतो, पैसे घेऊन लढत सोडतो, बंदी येते. पत्नीचा रेल्वे स्थानकावरच्या चेंगराचेंगरीतला मृत्यू पुष्कळ नंतर येतो आणि तो त्याला परत रिंगकडे नेतो. एकीकडे मृत्यू खाली ढकलतो, दुसरीकडे उभं करतो. मुंबईकराला तो प्रसंग पाहताना 29 सप्टेंबर 2017 ची एल्फिन्स्टन रोड स्थानकावरची चेंगराचेंगरी आठवल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे तिथलं दुःख सिनेमाच्या बाहेरूनही येतं. आणि क्षमा कुणी करायची, हाही फरक: बिलीला मुलीची क्षमा हवी आहे, तर ‘तूफान’मध्ये सासरा असलेल्या नानांनाही स्वतःचा दुराग्रह गिळावा लागतो. प्रशिक्षक पूर्ण बरोबर आणि शिष्य पूर्ण चूक, असं तिथे नाही. त्या बाबतीत ‘तूफान’ मला जास्त प्रामाणिक वाटतो, लढती मात्र ‘साउथपॉ’च्या सरस.

गुणपत्रक

सावलीताई, बचावाचा मुद्दा मान्य, आणि तो लढतीच्या हिशोबातही दिसतो हे जोडतो. बचाव नसलेला लढवय्या फेऱ्या जिंकत नाही, त्याला समोरच्याला पाडावंच लागतं. पहिल्या लढतीत बिली तसाच जिंकतो. अंतिम लढतीत तो बाराव्या फेरीपर्यंत गुणांच्या स्पर्धेत टिकून आहे, म्हणून तर एका 10-8 फेरीला अर्थ आला. अकरा फेऱ्यांत तो 2-9 असा मागे असता तर अपरकटने पाडूनही हरला असता. ठोसा डाव्या हाताचा, पण तो कामाला आला बचावामुळे.

‘तूफान’ शेजारी ठेवणार असाल तर एक काळजी घ्या: तिथलं मुष्टियुद्ध हौशी गटातलं आहे. 3 फेऱ्या, प्रत्येकी 3 मिनिटं. तिथे मागे पडून हळूहळू वर यायला वेळच नसतो, पहिली फेरी गेली की अर्धी लढत गेली. बारा फेऱ्यांची चढ-उतार त्याच्याकडून मागू नका.

डावा_पाय

कोपऱ्याचा विषय निघालाच आहे तर तिथल्या 60 सेकंदांकडे प्रेक्षकांचं लक्ष वेधा. स्टूल आत, दातांवरचं संरक्षक कवच बाहेर, पाण्याचा घोट गुळणीपुरता. जखम सांभाळणारा माणूस आधी रक्त पुसतो, मग 1:1000 अ‍ॅड्रिनलिन लावलेली कापसाची काडी जखमेत दाबून धरतो, अर्धं मिनिट तरी. मध्येच उचलून ‘थांबलं का’ बघितलं की रक्त परत सुरू. सुजेवर बर्फात ठेवलेली धातूची सपाट पट्टी दाबायची, चोळायची नाही. चोळल्याने सूज डोळ्याकडे सरकते. शेवटी जखमेवर व्हॅसलिन. हे चालू असताना प्रशिक्षकाला बोलायला वीसेक सेकंद मिळतात, म्हणून चांगला प्रशिक्षक एकच गोष्ट सांगतो. टिक किती कमी शब्द वापरतो ते बघा.

तिसरी_घंटा

सावलीताईंचा बचावाचा धागा चर्चेचा कणा करते. एकच शेवटचं: पूर्ण सिनेमानंतर एखादा तुकडा परत दाखवायचा झाला तर कोणता? प्रोजेक्टरला दहाच मिनिटं जास्त मिळतील.

पडद्यामागे

दोन तुकडे दाखवा, पहिल्या लढतीतली कोणतीही एक फेरी आणि मग बारावी. पहिला तुकडा आवाज बंद करून. समालोचन गेलं की बिलीचे हात कुठे आहेत तिकडेच नजर जाते. बाराव्या फेरीला आवाज असू द्या, पण पवित्रा बदलतो तिथे थांबवून पाय दाखवा. डावा_पाय यांनी सांगितलंय तसं उजवं पाऊल कुठे पडतंय ते प्रेक्षकांनाच शोधू द्या. जवळच्या चौकटीत पाय दिसत नसतील तर त्याआधीचा लांबचा शॉट घ्या.

गुणपत्रक

आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला बारा ओळींचं कोरं गुणपत्रक आणि पेन्सिल द्या. अंतिम लढतीतल्या सगळ्या फेऱ्या पूर्ण दाखवलेल्या नाहीत. ज्या दिसत नाहीत त्या ओळी कोऱ्या सोडायला सांगा, ज्या दिसतात तिथे 10-9 की 10-8 ते लिहू द्या. बाराव्या फेरीला दिवे लावून आधी हात वर करायला सांगा, मगच फळ्यावरचा हिशोब उघडा.